चार गुडघे, न फोडता

रविवारच्या बाजारात खाटकाच्या दुकानी मी पहिल्यांदा "चार गुडघे द्या" म्हणालो, तेव्हा त्याने सत्तूर ठोकळ्यावर टेकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. गावात मला हाडांचा डॉक्टर म्हणून सगळेच ओळखतात, त्यामुळे तो क्षणभर बुचकळ्यात पडला असणार.

"पाये पायजे का साहेब? सूप कराले?"

"पाये नको. मागच्या रानीचा गुडघा. वर चार बोटं हाड ठेवा, खाली चार बोटं. मांस तुम्ही काढून घ्या, पण सांधा उघडू नका."

"म्हंजे न फोडता?"

"न फोडता."

"मंग खासान कसे?"

मागे पिशव्या घेऊन उभे असलेले दोघंतिघंही उत्तराची वाट पाहू लागले. म्हणून खरं तेच सांगून टाकलं, की यांच्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन शिकायचं आहे. मला वाटलं हशा होईल. झाला नाही. "बरं हाय," तो म्हणाला, "बोकडाले आता कायचं दुखते." नुसत्या हाडांचे पैसे लावले आणि पुढच्या रविवारी बाजूला काढून ठेवतो म्हणाला.

मला एमएस होऊन सोळा वर्षं झाली. यवतमाळच्याही पुढे, एका तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात मी हाडं जोडतो. ट्रॅक्टर बांधावरून उलटला, रात्री दुचाकीसमोर रोही आडवा आला, म्हातारी न्हाणीत घसरली: मांडी, नडगी, खुबा, मनगट. या कामात माझा हात बरा आहे. पण ही सगळी कामं उघडून करायची. चीर द्यायची, हाड डोळ्यांसमोर आणायचं, प्लेट लावायची, शिवायचं. सांध्याच्या आत दुर्बीण घालून काम करणं, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, ही वेगळी विद्या. माझ्या रेसिडेन्सीत दुर्बीण सरांच्या हातात असायची आणि आम्ही पाय धरायचो. पाय धरण्यात मी पटाईत होतो.

तीन वर्षांपूर्वी जिल्हा नियोजनाच्या निधीतून आमच्याकडे आर्थ्रोस्कोपीचा टॉवर आला. मॉनिटर, कॅमेरा, प्रकाशाची पेटी, ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण, सगळं नवंकोरं. शिकवणारं कोणी त्याच्यासोबत आलं नाही. ते तसं कधीच येत नाही. टॉवर चार महिने प्लास्टिकच्या वेष्टनात राहिला, मग मी व्हिडिओ बघून, पुस्तक वाचून सुरुवात केली.

तिसरा की चौथा पेशंट असेल. पन्नाशीचे शेतकरी, गुडघ्यात हाडाचा सुटा तुकडा फिरत होता, मधेच अडकायचा. तुकडा काढायचा, एवढंच काम. दुर्बीण आत गेली, मांडीच्या हाडाचं टोक पडद्यावर आलं. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर. निरोगी असली की उकडून सोललेल्या अंड्यासारखी दिसते, पांढरी, ओली, चकचकीत. मला आतल्या बाजूला वळायचं होतं. हात वळला, टोक नको तिकडे गेलं आणि त्या पांढऱ्यावर नांगराने तास काढावा तसा एक ओरखडा उमटला. कापसासारखे दोन तंतू पाण्यात तरंगले.

कातडीची जखम भरते, हाड जुळतं. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती तशी भरून येत नाही. हे मी परीक्षेत कितीदा तरी लिहिलं होतं.

तुकडा निघाला. काका तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले आणि पुढच्या खेपेला येताना घरची तुरीची डाळ घेऊन आले. ती डाळ माझ्या घशाखाली उतरली नाही वगैरे काही झालं नाही. चांगली जेवलो. पण त्यानंतर चार महिने टॉवरवर पुन्हा वेष्टन चढलं. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, सलाइनच्या मोठ्या पिशव्या संपल्यात.

त्याच काळात आठवून पाहिलं, की मी जे जे शिकलो ते कोणाच्या अंगावर शिकलो. हाडात घालायची पहिली तार, पहिली सळई, पहिला प्लॅस्टर. चेहरे आठवले नाहीत. सगळे जनरल वॉर्डातले होते, एवढं मात्र आठवलं. "एक पाहा, एक करा, एक शिकवा" हे आम्ही कॉलेजात अभिमानाने म्हणायचो. त्यातलं ते मधलं "एक" नेहमी गरिबाचं असतं, हे तेव्हा कोणी बोललं नाही.

हिवाळ्यात नागपूरला दोन दिवसांची कार्यशाळा होती. रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीने कळंब, देवळी, वर्धा करत गेलो. वर्गात माझ्याएवढा जुना मीच. बाकीची पोरं नुकती पास झालेली किंवा व्हायची.

पहिलं व्याख्यान इतिहासाचं होतं आणि असली व्याख्यानं मी सहसा झोपून काढतो. पण त्यात एक गोष्ट निघाली. टोकियोचे डॉक्टर केन्जी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय बघायची दुर्बीण घेऊन गुडघ्याच्या आत पाहिलं. क्षयाने गुडघे आखडून जायचे आणि जपानी माणसाला तर जेवायला, पाहुण्यापुढे बसायला गुडघे दुमडावेच लागतात. आजार लवकर कळावा म्हणून हा खटाटोप. आणि त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो गुडघा मृतदेहाचा होता. पुढे त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटक्या गादीचा, म्हणजे गुडघ्यात दोन हाडांच्या मधे असते त्या मेनिस्कसचा, तुकडा कापून काढला. मधे चव्वेचाळीस वर्षं. आणि मी व्हिडिओ बघून चार महिन्यांत निघालो होतो.

दुपारी सिम्युलेटर. टेबलावर प्लास्टिकचा पाय, गुडघ्यात खराखुरा वाकणारा. दुर्बीण आणि प्रोब, म्हणजे आत चाचपायची बारीक सळई, खऱ्यासारखेच, फक्त पडद्यावर दिसतो तो गुडघा संगणकाने काढलेला. पाय बाहेरच्या बाजूला ताणला की पडद्यावर आतली फट उघडते. अर्धी मांडी घातल्यासारखा दुमडला की बाहेरची. त्या यंत्राच्या किमतीत पाचसात ट्रॅक्टर सहज यावेत, त्यामुळे प्रत्येकाला वीस मिनिटं.

काम साधं वाटत होतं. सांध्यात दहा ठिकाणी गोळे दिसतील, एकेकाला प्रोबचं टोक लावायचं. मी सोळा वर्षांचा सर्जन, ऐटीत पुढे झालो. पाच मिनिटांनंतरही मला माझा प्रोब सापडत नव्हता. पडद्यावर फक्त गुलाबी भिंत. प्रोब आहे, माझ्या हातात आहे, सांध्यात आहे, पण कुठे आहे? शेवटी यंत्राने हिशेब मांडला: लागलेला वेळ, कॅमेऱ्याच्या टोकाने तोडलेलं अंतर, प्रोबने तोडलेलं अंतर आणि कूर्चेला धक्के, १७. आकडा सगळ्यांच्या समोर. माझ्यानंतर आलेल्या मुलीचे तीन होते. तिने मला धीर दिला, "सर, मला दोन महिने झाले यावर."

सतरा हा आकडा घेऊन एसटीत बसलो. आता वाटतं, त्या दोन दिवसांतली तीच खरी कमाई होती. काकांच्या गुडघ्यात मी एक ओरखडा पाहिला होता. न पाहिलेले किती असतील, हा प्रश्न तोवर मला सुचलाच नव्हता.

हे इतकं अवघड का, ते ज्याने केलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. तरी सांगतो. आमच्याकडे ज्याने ट्रॅक्टरला ट्रॉली लावून मागे घेतली आहे त्याला अर्धं लगेच कळेल. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रॉली डावीकडे जाते. गुडघ्याच्या कातडीला जे छोटं भोक पाडतो तिथे हत्यार टेकलेलं असतं. बाहेर हात वर गेला की आत टोक खाली जातं. हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं असं, की दुर्बीण सरळ बघत नाही. तिच्या टोकाची काच ३० अंशांनी तिरकी कापलेली असते. म्हणजे ती तोंड करून असते एकीकडे आणि बघते जरा बाजूला. फायदा असा, की जागच्या जागी नुसती फिरवली तरी चहूकडचं दिसतं. पण फिरवायची दुर्बीण. कॅमेरा मात्र सरळ, उभाच धरायचा. कॅमेरा कलला की पडद्यावरचं वर-खाली कलतं आणि मग आपण गुडघ्यात नसतोच, रहाटपाळण्यात असतो. यात दुर्बीण एका हातात, हत्यार दुसऱ्या हातात, आणि नजर दोन्ही हातांकडे नाही, तिसरीकडेच, पडद्यावर. दोन्ही टोकं एका जागी आणायची. याला ट्रायँग्युलेशन म्हणतात. डोक्याला ते पाच मिनिटांत कळतं. हाताला कळायला महिने लागतात.

सिम्युलेटर आमच्या तालुक्यात येणार नव्हता. खोकं येऊ शकत होतं.

सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली, बुटांच्या खोक्यापेक्षा जरा मोठी. वरच्या अंगाला दोन भोकं, त्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, मधे चीर. कातडीचं काम ट्यूब चांगलं करते. कॅमेरा मोटरगॅरेजवाल्याकडचा: इंजिनच्या सिलिंडरमध्ये डोकावायला ते वायरच्या टोकाला बारीक कॅमेरा वापरतात, मोबाइलला किंवा लॅपटॉपला लागतो, काही शेकड्यांत मिळतो. तो सरळ बघतो. म्हणून विजेच्या फिटिंगच्या पाइपचं टोक तापवून वाकवलं आणि कॅमेरा त्यात तिरका बसवला. ३० अंश काही अचूक आले नाहीत. पण तिरकं बघणारा डोळा झाला.

आत काय ठेवायचं? पहिल्या पेटीत घड्याळासारखे एक ते बारा आकडे रंगवले, भिंतींवर, तळाला, कोपऱ्यांत. क्रमाने प्रत्येकाला प्रोब टेकवायचा. दुसरं काम, बाटलीच्या एका झाकणातला तुरीचा दाणा उचलून दुसऱ्या झाकणात टाकायचा. सुटा तुकडा काढण्याची ही तालीम. तिसरं, ट्यूबच्या रबरावर पेनाने रेघ मारायची आणि पंचने, म्हणजे कुरतडायच्या बारीक चिमट्याने, रेघेपर्यंतच कुरतडायचं, पुढे नाही. फाटकी गादी सारखी करायची असते तेव्हा हेच करतात, चांगला भाग राखून.

पहिल्या रात्री बारा आकड्यांना ४ मिनिटं १० सेकंद लागली. वहीत लिहिलं. घरच्यांना वाटलं मी पेटीत रेडिओ दुरुस्त करतोय.

नंतर पेटी ओपीडीमागच्या खोलीत नेली. आमचे वॉर्डातले मामा दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस.

"साहेब, हे तं विहिरीतली बादली काढल्यावानी हाय."

"कसं?"

"दोर तुटून बादली पडली का मंग आपण वरतून आरसा दाखवतो नं, उन्हाचा कवडसा आत सोडतो. एक जण आरसा धरते, एक जण गळ सोडते. आरशावाला हालला का कवडसा पार तिकडच्या कडेले जाते. मंग गळवाला शिव्या देते." जरा थांबून म्हणाले, "तुमचा आरशावाला लय हालून राह्यला."

कार्यशाळेत दोन दिवसांत कोणी हे इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. माझं सगळं लक्ष हत्याराच्या हातावर होतं. प्रोब सापडेना की मी दोन्ही हात हलवायचो, म्हणजे आरसा आणि गळ एकदमच. त्या दिवसापासून नियम केला: आधी कवडसा स्थिर, मग गळ. प्रोब दिसेनासा झाला की कॅमेरा घेऊन त्याला शोधत फिरायचं नाही. कॅमेरा जागी ठेवून प्रोबला कवडशात आणायचं. दोन आठवड्यांत बारा आकडे दोन मिनिटांच्या खाली आले.

आणि तिथेच अडकले. तीन आठवडे वहीत तेच ते आकडे: १ मिनिट ५०, १ मिनिट ५५, २ मिनिटं ५. एप्रिल उलटला, मे लागला. दुपारी पंचेचाळीसच्या वर पारा. कूलर आहे पण संध्याकाळी लाइट जाते, म्हणून पहाटे पाचला बसायचो. रोज वीस मिनिटं, जास्त नाही. एका रविवारी जिद्दीने सलग अडीच तास बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी हात आणखी बिघडलेला. थोडं थोडं रोज, हे हाताच्या बाबतीत खरं आहे.

अडकलेली गाडी डाव्या हाताने सोडवली. मी उजवा. दुर्बीण डाव्या हातात, हत्यार उजव्यात, अशीच सवय लागली होती. पण खऱ्या गुडघ्यात समोरची दोन्ही भोकं आलटून पालटून वापरावी लागतात, हात बदलावे लागतात. मग आठवडाभर सगळं उलट केलं. पेटीत प्रोब डाव्या हाती, घरी दात घासणं डाव्या हाताने, दाराची कडी डाव्या हाताने. एकदा विसरून आईला डाव्या हाताने साखर दिली तर तिने ती घेतली नाही. आठवड्याने हात पुन्हा नेहमीच्या जागी आणले आणि बारा आकडे १ मिनिट १२ सेकंदांत. यामागचं शास्त्र मला सांगता येणार नाही. वहीत मात्र आहे.

जूनमध्ये खाटकाकडे गेलो. खोक्यात सगळं कोरडं, चौकोनी आणि शहाणं असतं. खऱ्या सांध्यात पाणी, चरबी, पडदे. शहरातल्या एका मित्राने काच चरे गेलेली जुनी दुर्बीण दिली. ती आणि तिची हत्यारं कायम वेगळी, रुग्णालयाच्या वस्तूंच्या जवळपासही नाहीत. मागच्या ओसरीवर पाट, त्यावर शिकंजा, त्यात बोकडाचा गुडघा, वर खिळ्याला सलाइनची बाटली. घरातून एकच अट होती: फ्रिजमध्ये काही ठेवायचं नाही. मग बर्फाचं खोकं आलं.

पहिल्या गुडघ्यात मला काहीच दिसलं नाही. वाटीखालची चरबीची गादी बोकडात एवढी मोठी, की सगळं पिवळं. दुसऱ्यात दिसलं आणि मी हरखलो: मधोमध जाड पांढरा दोर, हेच ते दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट! प्रोबने ओढून पाहिलं, ताण चांगला. सगळं झाल्यावर सांधा उघडला तर लिगामेंट आत खोलात, शाबूत आणि अस्पर्शित. मी ज्याला ओढत होतो ती बोटं उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा होती. बोकडात ती मांडीच्या हाडावरून, सांध्याच्या आतूनच निघते. माणसात तशी नसते. एक शिकलो: दिसलेल्या पहिल्या पांढऱ्या दोराला नाव द्यायची घाई करायची नाही.

प्रत्येक गुडघा शेवटी उघडायचा आणि कूर्चेवर शाई लावून, पुसून ओरखडे मोजायचे. कुठल्याही जिवंत पेशंटमध्ये हे करता येत नाही. पहिल्यात नऊ. मी आतून मोजले होते दोन. अकराव्या गुडघ्यात एक. त्यानंतरचे तीन कोरे, मग पुन्हा दोन. त्या दिवशी रात्रभर अपघाताचा पेशंट चालला होता.

पेटीची आणि ओसरीची चित्रफीत मी नागपूरच्या मित्राला पाठवायचो. आर्थ्रोस्कोपीची अशी चित्रफीत तपासायची एक ठरलेली गुणपत्रिका आहे, असेट नावाची. सुरक्षितता, दृश्य कसं राखलं, कॅमेऱ्यावरचा हात, हत्याराचा हात, दोन्हींचा मेळ, कामाचा ओघ, असं एकेक बघून गुण द्यायचे. तपासणाऱ्याला हात कोणाचा ते माहीत नसावं हे बरं. माझा मित्र ओसरीवरच्या कोंबड्यांच्या आवाजावरूनच ओळखायचा. एकदा नुसतं एवढं लिहिलं, "तू कॅमेरा धरलेला नाहीस, त्याला लटकला आहेस."

पावसाळ्यात आमच्याकडे डीआरपीला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना जिल्ह्यात पाठवतात त्या योजनेत, तीन महिन्यांसाठी एक रेसिडेंट आला. पेटीवर बसला आणि पहिल्याच दिवशी बारा आकडे १ मिनिट २० सेकंदांत. मी दीड महिना घासलेलं काम! मोबाइलवर खेळ खेळून त्याचे हात आधीच तयार होते. पण ओसरीवरचा त्याचा गुडघा उघडला तर सात ओरखडे. पेटीच्या प्लायवूडला ओरखडा दिसत नाही, घड्याळाला तर मुळीच नाही. त्याला म्हटलं, आजपासून तुझं घड्याळ बंद. मग आम्ही पेटीत आतून खडूची पूड फासली. कुठे टेकलं की लगेच कळतं.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पेटीने हात चालू लागला की दुर्बीण घालायला गुडघे दिसू लागतात. कापूस वेचून, निंदणाला उकिडवं बसून झिजलेले गुडघे घेऊन बाया येतात आणि कोणीतरी सांगितलेलं असतं, दुर्बिणीने धुऊन घ्या. ह्यूस्टनला १८० जणांवर याचा अभ्यास झाला होता, २००२ साली छापून आला. काहींचे झिजलेले गुडघे दुर्बिणीने साफ केले, काहींना फक्त कातडीला चिरा देऊन टाके घातले. फरक काहीच नाही. अशा बाईला मी मांडीचे व्यायाम दाखवतो, जमिनीवरून पाटावर बसायला सांगतो. ती नाराज होऊन जाते. जाऊ दे.

पोळ्यानंतर डाळवाले काका आले, स्वतःसाठी नाही, बायकोच्या मनगटासाठी. गुडघा कसा आहे विचारलं. "मस्त," म्हणाले आणि तिथेच उकिडवे बसून दाखवलं. मी तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि मग सांगितलं, की काका, त्या दिवशी तुकडा काढताना माझ्या हातून आत एक ओरखडा गेला होता. तेव्हा सांगितलं नव्हतं.

ते उठून उभे राहिले. गुडघ्यावरून हात फिरवला.

"मंग आता काय करा लागते त्याले?"

"आत्ता काही नाही. दुखायला लागलं, सूज आली तर थांबू नका, या. वजन वाढू देऊ नका."

"वजन काय वाढते, साहेब," असं म्हणून त्यांनी बायकोच्या मनगटाचं विचारलं. जाताना माझ्याकडे न बघता गेले. त्यानंतर डाळ आलेली नाही.

डिसेंबरात गावोगाव कबड्डीचे सामने असतात. तसल्याच एका सामन्यातून एकोणीस वर्षांचा पोरगा आला, गुडघा अडकलेला, सरळच होईना. एमआरआयमध्ये गादीची मोठी फाट होती, कडा सुटून सांध्याच्या मधोमध पलटलेली. हिला सगळे बकेट हँडल म्हणतात. मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे बादलीची कडीच अडकली का!"

मणक्यात भूल दिली, मांडीला रक्त थांबवणारा पट्टा आवळला. दुर्बीण आत. पेटीत रक्त नसतं. इथे पहिले काही क्षण सगळं लाल होतं आणि माझा श्वास अडकला. पेटी हे शिकवत नाही. पाण्याची पिशवी वर घ्यायला सांगितली, थांबलो, लाल निवळलं. कवडसा स्थिर. गळ कवडशात आला. सांध्याच्या मधोमध पडलेली पांढरी कडी दिसली, पुढचं लिगामेंट तिच्यामागे शाबूत होतं, आणि यावेळी प्रोबने दोनदा खात्री करून मगच त्याला नाव दिलं. रेसिडेंटने पाय बाहेर ताणला, मी कडीला प्रोबने हलकेच दाबलं आणि ती टुणकन आपल्या जागी गेली. खोलीत कोणीतरी "वा" म्हणालं.

मग फाट नीट पाहिली. अगदी बाहेरच्या काठाशी, जिथे गादीला रक्तपुरवठा असतो. म्हणजे शिवली तर जुळू शकेल अशी. माझ्याकडे पंच होता. सायकलच्या ट्यूबवर रेघेपर्यंत कुरतडण्यात मी आता तरबेज होतो. वीस मिनिटांत कडी कापून काढली असती आणि पोरगा आठवड्यात चालला असता. पण गादी काढलेला गुडघा पुढे कसा झिजत जातो हे ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी १९४८ मध्येच एक्स-रेवर दाखवून ठेवलंय. एकोणीस वर्षांचा गुडघा. शिवायची सुई आमच्याकडे नव्हती आणि शिवणं मला येत नव्हतं.

दुर्बीण बाहेर काढली. दोन टाके, गुडघा सरळ धरणारा लांब पट्टा, नागपूरची चिठ्ठी.

पोराचा बाप बाहेर बसला होता. त्याला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नागपूरलेच न्या लागत होतं, तं तुमी उघडलं काहून?"

याला चांगलं उत्तर नव्हतं. एमआरआय माझ्या हातात होता. शिवायची वेळ येऊ शकते हे मला आधीच दिसायला हवं होतं. रात्री मित्रानेही फोनवर हेच सुनावलं, बापापेक्षा जरा कडक शब्दांत. मग म्हणाला, चित्रफीत पाहिली, कूर्चेला कुठे लागलं नाही. बारा दिवसांनी त्यानेच त्या पोराची गादी शिवली.

फोन ठेवून मी मागच्या खोलीत गेलो. पेटीतली कुरतडलेली ट्यूब काढून टाकली, नवा तुकडा बसवला, त्याला काठाजवळ ब्लेडने लांब चीर दिली आणि सुईत दोरा ओवला. पहिला टाका पडायला अकरा मिनिटं लागली. वहीत लिहिलं.